जावा-सुमात्राची बेटे आणि कृष्णाकाठच्या तेलबिया

कराडच्या बाजारात सोयाबीन किंवा भुईमूग घेऊन येणारा शेतकरी भावाची चौकशी अडत्यापाशी करितो. अडत्या सांगलीकडे बोट दाखवितो, सांगलीचा व्यापारी इंदूर व मुंबईच्या दरांकडे पाहतो, आणि मुंबईचा तेलाचा व्यापारी समुद्रापलीकडील क्वालालंपूरच्या वायदेबाजारात पामतेलाचा काय भाव निघाला याची वाट पाहत बसलेला असतो. ज्या देशांच्या पिकापाण्यावर आपल्या मालाचा भाव असा हलतो, त्या देशांची जमीन कशी, पाऊस किती, माणसे कोण आणि पिके कोणती, हे जाणणे ही आता शाळकरी भूगोलाची बाब राहिलेली नाही. ती शेतकऱ्याच्या हिशेबाची बाब झाली आहे. म्हणून या लेखात त्या बेटांचा परिचय करून देण्याचे आम्ही योजिले आहे. त्यातून जो निष्कर्ष आमच्या मते निघतो तो आरंभीच सांगतो : पामतेलावरील आयात जकात हा केवळ भावाचा प्रश्न नसून तो कृष्णाकाठच्या जमिनीच्या आरोग्याचा प्रश्न आहे.

हिंदी महासागर व पॅसिफिक महासागर यांच्यामध्ये, विषुववृत्ताच्या दोन्ही अंगांस, बेटांचा एक प्रचंड समूह पसरलेला आहे. सुमात्रा, जावा, बाली, सुलावेसी, बोर्निओचा मोठा भाग आणि न्यू गिनीचा पश्चिमार्ध मिळून इंडोनेशिया हे राष्ट्र होते. त्यातील बेटांची संख्या सतरा हजारांवर आहे. उत्तरेस ७,६४१ बेटांचे फिलिपाइन्स. मलाया द्वीपकल्प आणि बोर्निओचा उत्तर भाग मिळून मलेशिया. आणि शिवाय सिंगापूर, ब्रुनेई व २००२ साली स्वतंत्र झालेले पूर्व तिमोर. या सर्वांत जावा बेट लहानसे आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १ लाख ३० हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही कमी. तरी त्यावर पंधरा कोटींच्या आसपास माणसे राहतात. उलट शेजारचे बोर्निओ बेट जावाच्या पाचपटीहून मोठे असूनही तेथील वस्ती अडीच कोटींच्याही आत आहे. एकाच समुद्रातील, एकाच पावसाच्या टापूतील दोन बेटांत एवढे अंतर का पडावे, हा प्रश्न शेतकऱ्याने अवश्य विचारावा. कारण त्याचे उत्तर मुख्यत्वे जमिनीत आहे.

जावा बेटाच्या पाठीच्या कण्याप्रमाणे जागृत ज्वालामुखींची ओळ पसरलेली आहे. सबंध इंडोनेशियात असे ज्वालामुखी सव्वाशेच्या घरात आहेत. १८१५ साली सुंबावा बेटावरील तांबोरा आणि १८८३ साली जावा-सुमात्रामधील क्राकाटोआ हे पर्वत फुटले तेव्हा हजारो माणसे प्राणांस मुकली. असे असूनही मेरापीसारख्या धुमसत्या डोंगराच्या उतारावर शेतकरी आपली खाचरे सोडून जात नाही. डोंगरातून निघालेली राख पालाश, चुना, मॅग्नेशियम इत्यादी द्रव्ये घेऊन येते, काही वर्षांत ती झिजून मातीत मिळते, आणि ओढे-नद्यांच्या पाण्याबरोबर खालच्या भातखाचरांत पसरते. बोर्निओवर असे जागृत ज्वालामुखी नाहीत. तेथे बारमाही कोसळणाऱ्या पावसाने जमिनीतील सत्त्व हजारो वर्षे धुऊन नेले आहे. उरली ती तांबूस, आम्लधर्मी, उपाशी माती आणि सखल भागातील कुजक्या पाल्याचे दलदलीचे थर. ज्याने कुंभार्ली घाट उतरून कोकणातील जांभ्याची जमीन पाहिली असेल, त्यास अतिवृष्टीने मातीचे काय होते हे वेगळे सांगावयास नको.

आता आपल्या जमिनीकडे वळू. आपली काळी जमीनही अग्नीचीच लेक आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर शिलारसाचे थरांवर थर पसरले, आणि त्या काळ्या कातळाची झीज होऊन कृष्णा-कोयनेच्या खोऱ्यातील माती तयार झाली. आगाशिवाच्या डोंगरात बौद्ध भिक्षूंनी ज्या कातळात लेणी कोरली तो कातळ, आणि जावातील बोरोबुदूरचा स्तूप ज्या दगडांनी बांधला तो दगड, दोन्ही ज्वालामुखींच्याच पोटातून आलेले. परंतु भेद असा की, आपल्या अग्नीस विझून कोट्यवधी वर्षे झाली. जावाच्या शेतकऱ्यास निसर्ग अधूनमधून नवे भांडवल देतो. आपणांस जुन्याच भांडवलावर संसार करावयाचा आहे. आपल्या रानावर राख पडणार नाही. आपली राख म्हणजे शेणखत, हिरवळीचे खत, आणि सर्वांत स्वस्त अशी द्विदल पिकांची बेवड. हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

त्या बेटांवरील माणसे आपणांस अगदीच परकी नाहीत. मलाय भाषेत साखरेस ‘गुला’ म्हणतात. तो आपल्या गुळाचाच भाऊ. कापसास ‘कापास’, भूमीस ‘बूमी’ आणि जावातील खेड्यास ‘देसा’ हे शब्दही आपल्याकडूनच गेले आहेत. तेथील बहुसंख्य लोक आज इस्लाम धर्माचे आहेत, फिलिपाइन्समध्ये ख्रिस्ती अधिक आहेत, आणि बाली बेटावर हिंदू धर्म टिकून आहे. बालीतील शेतकऱ्यांची ‘सुबाक’ नावाची पाणीवाटपाची संस्था सुमारे हजार वर्षांची जुनी आहे. एका पाटावरचे सर्व शेतकरी एकत्र बसून कोणी केव्हा पाणी घ्यावयाचे, केव्हा लावणी करावयाची आणि केव्हा रान मोकळे ठेवावयाचे हे ठरवितात. युनेस्कोने २०१२ साली या व्यवस्थेस जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. ज्यांस धुळ्याकडील पांझरेची फड पद्धत ठाऊक आहे, किंवा ज्यांनी खोडशीच्या बंधाऱ्यावरून निघणाऱ्या जुन्या कृष्णा कालव्यावर पाण्याच्या पाळ्या लावल्या आहेत, त्यांस या संस्थेचे मोल लगेच कळेल.

या सुबाकांच्या इतिहासात एक धडा आहे. १९७० नंतरच्या काळात अधिक भात पिकविण्याच्या घाईने सरकारने शेतकऱ्यांस एकामागून एक सतत भात घेण्यास लाविले. सगळ्यांचे रान एकाच वेळी मोकळे राहण्याचा जुना नेम मोडला, आणि कीड व रोग यांस बारमाही अन्न मिळू लागले. औषधे फवारावी तो तपकिरी तुडतुडा अधिकच माजला, कारण त्यास खाणारे कोळी व इतर मित्रकीटक औषधांनी आधी मेले. अखेर १९८६ साली इंडोनेशियाच्या सरकारने भातपिकावरील सत्तावन्न कीटकनाशकांवर बंदी घातली. एकाच पिकाचा ध्यास धरल्याने पिकाचे शत्रू कसे पोसले जातात, याचे याहून स्पष्ट उदाहरण आम्हांस माहीत नाही.

जावाशी आपला खरा घरोबा झाला तो उसामुळे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावातील ऊस ‘सेरेह’ नावाच्या रोगाने खुजा होऊन बसू लागला. तेव्हा तेथील कारखानदारांनी संशोधनासाठी केंद्रे काढिली. पूर्व जावातील पासुरुआन येथील केंद्राच्या डच नावाची आद्याक्षरे म्हणजेच ‘पी. ओ. जे.’. उसास तुरा येतो, त्या तुऱ्यात सजीव बी असते, आणि त्यापासून नवे वाण काढिता येतात, हे जावा व बार्बाडोस येथे एकाच सुमारास सिद्ध झाले. मग गोड पण नाजूक उसाचा संकर रानटी, काटक उसाशी करून पाहण्यात आला. त्या परंपरेत येस्वीत या शास्त्रज्ञाने १९२१ साली पी. ओ. जे. २८७८ हा वाण निर्माण केला. दहा वर्षांच्या आत जावातील जवळजवळ सर्व ऊस याच एका वाणाचा झाला, इतके त्याचे उत्पन्न सरस ठरले.

आपल्याकडेही कोइमतूर येथे १९१२ साली ऊस संशोधन सुरू झाले. तेथे जावाच्या २८७८ चा उपयोग जनक म्हणून करण्यात आला, आणि त्यातूनच को ४१९ हा वाण निघाला. दक्षिणेत पूर्वीच्या पुंड्या उसास मागे सारून हा वाण घरोघर पोहोचला हे जुन्या बागायतदारांच्या घराण्यांत अजून सांगितले जाते. आपल्याच सातारा जिल्ह्यात पाडेगाव येथे १९३२ पासून चालू असलेल्या केंद्राने या कामास मोठा हातभार लाविला. आज आपल्या शिवारात सर्वांत अधिक दिसणारा को ८६०३२ घ्या. त्याचे कूळ मागे शोधीत गेले तर तेही त्याच जावाच्या २८७८ पर्यंत जाऊन पोहोचते. कृष्णाकाठच्या उसाच्या पेऱ्यात जावाचे रक्त आहे, ही अलंकारिक भाषा नसून वस्तुस्थिती आहे.

परंतु एवढे उत्तम शास्त्र ज्या बेटावर जन्मले, तेथील शेतकरी त्यामुळे श्रीमंत झाला काय? नाही, आणि का नाही, हेच आम्हांस विशेषेकरून सांगावयाचे आहे. १८३० साली डच सरकारने जावात सक्तीच्या पिकांची पद्धत सुरू केली. प्रत्येक खेड्याने आपल्या जमिनीचा पाचवा हिस्सा ऊस, नीळ इत्यादी निर्यातीच्या पिकांस द्यावा असा तिचा दंडक होता, आणि प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी त्याहून अधिक जमीन व श्रम घेतले जात. हॉलंडची तिजोरी भरली. पण १८४० नंतरच्या दशकाच्या अखेरीस मध्य जावातील देमाक व ग्रोबोगान या भातपिकाच्या भागांत भीषण दुष्काळ पडला. १८७० साली ही पद्धत मोडीत निघू लागली, तरी पुढे साखर कारखाने शेतकऱ्यांची खाचरे ठराविक खंडाने घेऊन त्यांत स्वतः ऊस लावीत. शेतकऱ्यास खंड मिळे, मजुरी मिळे. साखरेच्या नफ्यात वाटा मिळत नसे. जमीन सोन्यासारखी, वाण जगात श्रेष्ठ, पाणी मुबलक. पण कारखाना दुसऱ्याचा आणि बाजारही दुसऱ्याचा.

तो बाजार कोसळला तेव्हा काय झाले तेही पाहावे. १९३० च्या सुमारास जावा सुमारे तीस लाख टन साखर काढीत असे, आणि तिचे मोठे गिऱ्हाईक हिंदुस्थान होता. आपल्या देशाने १९३२ साली साखरधंद्यास संरक्षण देणारा कायदा केला. परदेशी साखरेवर जबर जकात बसली, आणि तीन-चार वर्षांत येथील कारखान्यांची संख्या तिसाच्या आसपास होती ती शंभराच्या वर गेली. त्याच वेळी जागतिक मंदीही होती. परिणामी १९३५ पर्यंत जावाचे उत्पादन पाच लाख टनांच्या आसपास घसरले. कारखाने बंद पडले, खंड बुडाला, मजुरी बुडाली. ज्या देशाने जगास ऊस शिकविला तो इंडोनेशिया आज जगातील मोठ्या साखर-आयातदारांपैकी एक आहे.

या इतिहासावरून आम्ही दोन गोष्टी निश्चित मानतो. पहिली, विचारपूर्वक आणि स्थिर राखलेली जकात देशातील धंदा उभा करू शकते. आपला साखरधंदा हा तिचा पुरावा आहे. दुसरी, वाण, कारखाना आणि बाजार या तिन्ही ठिकाणी शेतकऱ्याचा हात असल्याशिवाय शास्त्राचे फळ त्याच्या पदरात पडत नाही. उसाच्या बाबतीत आपल्या वडीलधाऱ्यांनी हे ओळखिले. प्रवरेस विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नाने सहकारी कारखाना उभा राहिला, आणि पुढे आपल्या तालुक्यात रेठरे बुद्रुकास कृष्णा व यशवंतनगरास सह्याद्री हे कारखाने झाले. सहकारी कारखान्यांच्या कारभारात दोष नाहीत असे आम्ही म्हणत नाही. पण ऊस घालणारा शेतकरी हाच तेथे सभासद आहे, ही गोष्ट जावाच्या शेतकऱ्यास कधी लाभली नव्हती. तेलबियांच्या बाबतीत मात्र आपण आजही जावाच्या त्या जुन्या शेतकऱ्याच्याच जागी उभे आहो.

आता तेलाकडे वळू. तेलताड हे झाड मूळचे पश्चिम आफ्रिकेचे. १८४८ साली त्याची चार रोपे जावातील बोगोर येथील वनस्पतिउद्यानात लावण्यात आली, आणि पुढे शोभेचे म्हणून ते सुमात्रात पसरले. १९११ साली सुमात्रात आणि १९१७ साली मलायात त्याचे मळे व्यापारी धोरणाने सुरू झाले. सुमात्रा व बोर्निओच्या ज्या उपाशी जमिनीत भाताचा संसार चालत नव्हता, तेथे बारमाही पाऊस व ऊन यांवर हे झाड जोमाने वाढले. हेक्टरी तीन ते चार टन तेल देणारे दुसरे पीक नाही; आपले सोयाबीन हेक्टरी अर्ध्या टनाच्या आतच तेल देते. आज जगातील पामतेलापैकी चार-पंचमांशाहून अधिक तेल इंडोनेशिया व मलेशिया हे दोन देश काढतात. त्यासाठी प्रचंड अरण्ये तुटली, दलदलीचे थर पेटून धुराचे लोट शेजारच्या देशांपर्यंत गेले, ही त्या संपत्तीची दुसरी बाजू आहे. तसेच हे सगळे मळे भांडवलदारांचेच आहेत असेही नाही. इंडोनेशियात तेलताडाच्या क्षेत्रापैकी सुमारे दोन-पंचमांश क्षेत्र लहान शेतकऱ्यांकडे आहे. तेव्हा तेथील शेतकऱ्याशी आमचे वैर नाही, हे स्पष्ट करितो.

किंबहुना त्याची व आपली दुखणी एकच आहेत. २०२२ च्या एप्रिलअखेर इंडोनेशियाच्या सरकारने, देशात तेल महागले म्हणून, पामतेलाची निर्यात एकाएकी बंद केली. सुमारे साडेतीन आठवड्यांनी ती पुन्हा खुली झाली. पण तेवढ्या अवधीत तेथील लहान शेतकऱ्यांच्या घडांस कोणी विचारीना, आणि ते जाकार्ताच्या रस्त्यांवर आले. आपल्याकडे डिसेंबर २०२३ पासून मे २०२४ पर्यंत कांद्याची निर्यात बंद होती तेव्हा कांदा पिकविणाऱ्यांची जी गत झाली, तीच ही. ग्राहकास स्वस्ताई द्यावयाची तर ती शेतकऱ्याच्या खिशातून द्यावी, अशी सरकारांची समजूत दोन्ही तीरांवर सारखीच दिसते.

आपल्या देशास खाण्याच्या तेलापैकी निम्म्याहून अधिक तेल बाहेरून आणावे लागते, आणि त्यात पामतेलाचा वाटा मोठा आहे. ही स्थिती नेहमीची नव्हे. १९८६ साली तेलबियांची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आणि १९९० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत देश तेलात जवळजवळ स्वावलंबी झाला होता. १९९४ साली पामोलीन खुल्या परवान्यावर आणण्याची मुभा मिळाली. तेव्हा जकात शेकडा पासष्ट होती. चार-पाच वर्षांत ती शेकडा पंधरापर्यंत उतरली. त्यानंतर ती किती वेळा चढली व किती वेळा उतरली याचा हिशेब ठेवणे कठीण आहे. अगदी अलीकडचे पाहा. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या पाम, सोयाबीन व सूर्यफूल तेलावरील एकूण जकात शेकडा साडेपाचवरून साडेसत्तावीसवर नेण्यात आली. शेतकऱ्यास हायसे वाटले. पुरते वर्षही झाले नाही तोच, मे २०२५ च्या अखेरीस, म्हणजे ऐन खरीप पेरणीच्या तोंडावर, ती साडेसोळावर आणण्यात आली. सोयाबीनचा हमीभाव २०२४-२५ साठी क्विंटलास ४,८९२ रुपये होता, आणि बाजारात कितीतरी शेतकऱ्यांचा माल त्याच्या खाली गेला. २०२५-२६ साठी तो ५,३२८ केला. पण जाहीर केलेला हमीभाव आणि प्रत्यक्ष पदरात पडलेला भाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे शेतकऱ्यास आम्ही सांगावयास पाहिजे असे नाही.

येथे न्यायाने एक गोष्ट कबूल केली पाहिजे. सोयाबीनचा भाव केवळ तेलावर ठरत नाही. त्याच्या दाण्यात तेल शेकडा अठरा-वीस असते. उरलेली पेंड होते. अलीकडे मका व तांदूळ यांपासून इथेनॉल काढल्यावर उरणारा चोथा पशुखाद्यात स्वस्तात येऊ लागल्याने पेंडीचा भावही दबला आहे. म्हणून सगळा दोष पामतेलावर टाकणे बरोबर होणार नाही. परंतु पेंडीचे पारडे हलके झाले असता तेलाचेही हलके करावयाचे, म्हणजे शेतकऱ्यास दोन्ही बाजूंनी कोंडीत धरावयाचे, एवढे तरी राज्यकर्त्यांस दिसावयास हवे होते.

आमच्या म्हणण्यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, स्वस्त पामतेल गरिबाच्या घरात जाते. जकात वाढविली तर त्याच्या पोटावर मार बसेल. हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. पण गरिबास स्वस्त तेल द्यावयाचे तर ते शिधापत्रिकेवर, सरकारच्या खर्चाने द्यावे. जकात उतरल्याचा फायदा बिस्किटे व फरसाण करणाऱ्या कारखानदारासही मिळतो. आणि तोटा मात्र सर्वस्वी कोरडवाहू शेतकरी सोसतो, जो स्वतःही गरीबच आहे.

दुसरा आक्षेप असा की, तेलताड एवढे तेल देते तर आपणच ते का लावू नये? केंद्र सरकारने २०२१ साली यासाठी ११,०४० कोटी रुपयांची मोहीम जाहीर केली आहे. जेथे पाऊस व हवा अनुकूल आहे तेथे ती यशस्वी होवो. परंतु कृष्णाकाठच्या शेतकऱ्याने या मोहात पडू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. सुमात्रात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस वर्षभर विभागून पडतो. कराडास सातशेच्या आसपास, तोही चार महिन्यांत. हे झाड पहिली तीन-चार वर्षे काही देत नाही, उन्हाळ्यात उसासारखेच पाणी मागते, आणि त्याचे घड तोडल्यावर एका-दोन दिवसांत घाण्यात गेले नाहीत तर तेल बिघडते. जवळ घाणा नाही तर झाड असून नसल्यासारखे. जावाचा ऊस आपणांस मानवला, कारण पूर्व जावात आपल्यासारखाच कोरडा ऋतू आहे व त्यात ऊस पिकतो. सुमात्राची हवा ही वेगळी गोष्ट आहे.

आता त्या बेवडीच्या मुद्द्याकडे येऊ. आपल्या भागात भुईमूग हे एके काळचे मोठे पीक. पुढे पुष्कळ ठिकाणी सोयाबीनने त्याची जागा घेतली. दोन्ही द्विदल. त्यांच्या मुळांवरील गाठी हवेतील नत्र मातीत आणतात, त्यांचा पाला जमिनीवर पडतो, आणि उसाच्या खोडव्या-निडव्यानंतर थकलेल्या रानास विसावा मिळतो. सोयाबीन किंवा भुईमुगाचे पैसे झाले नाहीत तर शेतकरी काय करितो? तो कर्ज काढून पाइपलाइन आणितो आणि तेथेही ऊस लावितो. उसास निदान ठरलेला दर आणि ठरलेले गिऱ्हाईक आहे. त्याला दोष देता येत नाही. पण एकाच पिकाने आणि अतिपाण्याने कृष्णेच्या खोऱ्यात खाली वाळवा, पलूस, शिरोळपर्यंत हजारो एकर काळी जमीन क्षारपड व पाणथळ होऊन बसली आहे, हे उघड्या डोळ्यांनी दिसते आहे. जावाच्या शेतकऱ्याची जमीन बिघडली तर मेरापी कदाचित त्यास नवी देईल. आपली एकदा चोपण झाली म्हणजे ती नातवंडांच्याही उपयोगी पडणार नाही. दिल्लीत जकातीचा आकडा खाली आला की कराडच्या शिवारात बेवड मोडते, असा हा सांधा आहे. तो राज्यकर्त्यांस दिसत नसेल तर आपण दाखविला पाहिजे.

म्हणून आमच्या सूचना थोडक्यात अशा आहेत. सरकारने तेलावरील जकात पेरणीपूर्वी जाहीर करावी आणि सुगी आटोपेपर्यंत ती खाली आणू नये. तिची पातळी हमीभावाशी जोडावी, म्हणजे परदेशी तेल स्वस्त झाले तर जकात आपोआप चढेल व महागले तर उतरेल. ऑक्टोबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या १०,१०३ कोटींच्या तेलबिया मोहिमेतून पासुरुआनच्या तोडीचे वाणसंशोधन व्हावे. जे काम एका वाणाने उसात केले ते भुईमूग व सोयाबीन यांत होणे अशक्य नाही. आपल्या सोसायट्यांनी केवळ खत-बियाणे वाटण्यावर न थांबता साठवणुकीची सोय आणि शक्य तेथे सहकारी घाणा यांचा विचार करावा, म्हणजे सुगीच्या पहिल्या आठवड्यात पडेल त्या भावास माल घालण्याची पाळी येणार नाही. आणि शेतकऱ्याने स्वतः दरसाल आपल्या बागायतीचा निदान एक हिस्सा द्विदल पिकास द्यावा, भाव कितीही मोह घालो.

शेवटची सूचना माहितीविषयी आहे. पॅसिफिक महासागरातील ज्या उष्ण प्रवाहास एल निनो म्हणतात, त्याच्या वर्षी त्या बेटांवर पाऊस ओढ देतो, आणि आपलाही पावसाळा पुष्कळदा अशक्त होतो. २०१५ साली दोन्हीकडे तसे झाले. ताडाच्या फळांवर या कोरडेपणाचा परिणाम अनेक महिन्यांनी दिसतो आणि तेलाचा भाव मागाहून चढतो. तसेच इंडोनेशिया आपल्या पामतेलाचा मोठा भाग आता मोटारींच्या इंधनात मिसळू लागला आहे. २०२५ पासून डिझेलमध्ये त्याचे प्रमाण शेकडा चाळीस ठेविण्याचे त्याने ठरविले. तेवढे तेल खाण्याच्या बाजारात कमी येईल. या गोष्टी व्यापाऱ्यास वेळेवर कळतात व शेतकऱ्यास माल विकून झाल्यावर कळतात. सोसायट्यांच्या फलकावर कराड-सांगलीच्या भावाबरोबर क्वालालंपूरचा भाव, त्या बेटांवरील पावसाची खबर आणि चालू जकातीचा आकडा दर आठवड्यास लिहिला जावा. यास खर्च खडूचा. ज्यांच्याकडून आपल्या पूर्वजांनी ऊस घेतला, त्यांची खबर ठेवण्यास आपण आळस करू नये. कारण आपल्या तेलबियांचे आणि त्यांच्या मागोमाग आपल्या काळ्या जमिनीचे भवितव्य काही अंशी तेथेच ठरत आहे.